एकही रविवार नाही

८ जुलै

ती. आत्यांस,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. आठवत नसेन तर सांगते, तुम्ही आमच्या दारात शेवटच्या आलात तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि दाराआडून बघत होते.

यंदा कॉलेजला लागले. तुम्ही तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंत, तिथेच. पहिल्या वर्षाला 'संशोधनाची ओळख' नावाचा विषय आहे. सरांनी प्रत्येकाला काम दिलंय: छापलेला कुठलाही एक तक्ता घ्यायचा आणि त्यातल्या नोंदी कुणी, कधी, कुठे उभं राहून केल्या ते शोधून काढायचं. मी तुमचा घेतलाय. स्टेशन रस्त्यावरची एकसष्ट झाडं, अकरा वर्षं, दर वर्षी प्रत्येक झाडाला पहिलं फूल कोणत्या तारखेला दिसलं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, लोक अजून तो लेख वापरतात.

लेखाच्या शेवटी बारीक टाइपात एक ओळ आहे. 'नोंदींच्या कामी एका स्थानिक मदतनिसाचे साहाय्य झाले.' हा मदतनीस कोण? बाबा त्याच रस्त्यावर टपाल वाटायचे, हे मी तुम्हाला सांगायला नको. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. कळवलं होतं, तुम्ही आला नाहीत.

मूळ वह्या मला बघायला हव्यात. या पत्राचं आईला माहीत नाही. ती घरात तुमचं नाव काढू देत नाही. 'तिने त्यांची अकरा वर्षं लाटली,' एवढंच म्हणते आणि भांडी जोरात ठेवते.

लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे. मुळात नव्हताच, तेव्हा लिहीत नाही.

तुमची भाची


१५ जुलै

चि. भाचीस,

फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी नाकारू शकतं, म्हणून मी फोन उचलत नाही. लिहून पाठवलंस ते बरं केलंस.

तुझ्या पत्रात एक मागणी आहे, चार टोमणे आहेत आणि प्रश्न एकच. त्याचंही उत्तर तू आधीच ठरवून ठेवलंयस. याला संशोधन म्हणत नाहीत, भांडण म्हणतात. त्यासाठी तिकीट कशाला वाया घालवायचं, घरात तुझी आई आहे की.

वह्या माझ्याकडे नाहीत. बारा वर्षांपूर्वी तुमच्या दारात नेऊन ठेवल्या, अकराच्या अकरा. दाराआडून बघत होतीस ना, मग कापडी पिशवीही दिसली असेल.

वह्या नसल्या तरी तक्ता आहे. त्यात सहाशे एकाहत्तर तारखा आहेत. बूड टेकून बस आणि बघ. पी हळद हो गोरी, अशी ही विद्या नाही. आणि काय सापडलं तर आपण चुकलो म्हणायचं, ते कामाला लागण्याआधी कागदावर लिहून खाली तारीख घालायची. तुझ्या सरांनी हे सांगितलं नसेल तर मी सांगते. नंतर माणूस फार सोयीचं आठवतं.

मदतनीस कोण, ते शोध. काम तुझं आहे.

आत्या


४ ऑगस्ट

ती. आत्यांस,

वह्यांचं आईला आडून विचारलं. म्हणाली, वाळवीने खाल्ल्या. म्हणजे तुम्हा दोघींपैकी एक खोटं बोलतेय, आणि माझी आई खोटं बोलत नाही.

तुम्ही म्हणालात तशी बूड टेकून बसले. सगळ्या तारखांचे वार काढले. मोबाइलवर दोन मिनिटांत निघतात, पण सर म्हणाले हाताने कर, हाताने केलं की डोळ्यांना काही दिसतं. ग्रंथपाल बाईंनी तळघरातून जुनी कॅलेंडरं काढून दिली. दोन आठवडे शिंकत होते.

पहिल्या नऊ वर्षांत पाचशे एकोणपन्नास तारखा आहेत. त्यात एकही रविवार नाही. सोमवार एकशे एक्कावन्न, म्हणजे बाकीच्या वारांच्या जवळजवळ दुप्पट. झाडांना साप्ताहिक सुट्टी नसते, आत्या. फूल रविवारीही उमलतं. फक्त ते बघणारा माणूस रविवारी रस्त्यावर नव्हता, आणि सोमवारी गेला की त्याला दोन दिवसांची फुलं एकदम दिसायची. रविवारी टपाल वाटत नाहीत.

वहीत मी आधीच लिहून ठेवलं होतं, 'रविवार सापडले तर मी चुकले.' खाली तारीख घातली होती. तेव्हा तो धडा मला नका शिकवू.

आयत्या बिळावर नागोबा अशी म्हण आहे. तुम्हाला ठाऊक असेलच.

तुमची भाची


११ ऑगस्ट

चि. भाचीस,

शाबास म्हणेन अशी वाट बघत असशील तर उठून दुसरं काम कर.

रविवार नाहीत, म्हणजे बघणारा रविवारी बाहेर पडत नव्हता, एवढंच ठरतं. मीही पडत नव्हते. आठवडाभर पोरांपुढे घसा फोडल्यावर रविवारी मी दुपारपर्यंत लोळायचे. तुझी आजी असती तर तिने शिव्यांसकट साक्ष दिली असती. एका खुणेची दोन कारणं निघत असतील, तर आपल्या आवडीचं कारण उचलून खिशात घालायचं नसतं. तू उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दुसरी वाट बंद करून दाखव, मग म्हणी सांग.

सोमवार परत मोज. घाईत मोजलेस असं तुझ्या अक्षरावरून दिसतंय.

आत्या


२८ ऑगस्ट

ती. आत्यांस,

सोमवार परत मोजले. एकशे एकोणपन्नास आहेत. दोन जास्त धरले होते. ही चूक माझी.

आता दुसरी वाट. कॉलेजचे जुने वार्षिकांक बांधून ठेवलेत. तिसऱ्या वर्षीच्या अंकात बातमी आहे की तुम्ही चार महिने प्रशिक्षणासाठी परगावी होतात. फोटोही आहे. मागच्या रांगेत उभ्या आहात, सगळे हसतायत, तुम्ही सोडून. त्या चार महिन्यांत स्टेशन रस्त्यावर बावन्न झाडांना पहिलं फूल आलं आणि तक्त्यात तारखांसकट नोंदलं गेलं. परगावी लोळत पडून बघितलंत का?

अजून एक. सहाव्या वर्षी ऐन बहरात आठ दिवस एकही नोंद नाही. नवव्या दिवशी एकदम चौदा झाडं. त्या आठ दिवसांतल्या पहिल्या दिवशी माझा जन्म झाला. बाबांनी रजा घेतली होती. हे दिसलं तेव्हा मी ग्रंथालयात रडले. ग्रंथपाल बाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, कागद ओला करू नकोस.

वीस सप्टेंबरला हे सगळं वर्गासमोर मांडायचं आहे. तुमचा जुना विभागही यायचा आहे. मला एकच गोष्ट हवी आहे. त्या लेखावर बाबांचं नाव. सोळा वर्षं त्यांनी लोकांची नावं वाचून घरोघरी पोचवली, त्यांचं स्वतःचं कुठे छापून आलेलं मी बघितलेलं नाही. तुम्ही लिहून दिलंत तर ठीक. नाहीतर तक्ता आहेच.

तुमची भाची


३ सप्टेंबर

चि. भाचीस,

वाट बंद केलीस. तेव्हा लिहून देते, हा कागद जपून ठेव. झाडं बघितली ती सगळी धाकट्याने. मी वर्षातून एकदा बसच्या खिडकीतून बघायचे. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हण, चालेल.

नाव का नाही घातलं? मला वाटलं, पोस्टमनचं नाव बघून संपादक लेख न वाचताच परत करतील. हे एक. दुसरं असं की मला एकटीचं नाव हवं होतं. विभागात एकोणीस वर्षं मी 'बाई, जरा चहाचं बघता का' ऐकत होते. सबब म्हणून सांगत नाही, तुझ्या वहीत नोंद असावी म्हणून सांगते. चूक होती, आणि मला तेव्हाही कळत होतं.

पण तक्ता अकरा वर्षांचा आहे. तुझ्या पत्रांत नऊच वर्षं येतात. अकराचा तक्ता घेतलेलं माणूस आपण होऊन नऊवर थांबत नाही, त्याला कशाने तरी थांबवलेलं असतं. दहाव्या आणि अकराव्या वर्षाचे वार मला कळव. आणि झाड क्रमांक सदतीस कुठे आहे, ते पायी जाऊन बघून ये.

आत्या


८ सप्टेंबर

आत्या,

कळवते. एकशे बावीस तारखा. एक्केचाळीस रविवार. नुसत्या नशिबाने सतरा-अठरा आले असते. हे मला ऑगस्टपासून माहीत आहे. मुद्दामच लिहिलं नाही, कारण ते बाबांचं नाहीच.

नववं वर्ष संपताना बाबांचा गुडघा गेला. त्यांना वाटपावरून काढलं आणि आत टपाल निवडायला बसवलं. त्यानंतर ते त्या रस्त्यावर चाललेच नाहीत. मग शेवटची दोन वर्षं कुणी भरली? तुम्ही. घरात बसून, मनाला येतील त्या तारखा. म्हणजे नऊ वर्षं चोरलीत आणि दोन बनवलीत.

सदतीस बघून आले. तिथे झाड नाही, औषधांचं दुकान आहे. पाटीवर दुकान सुरू झाल्याचं वर्ष आहे, ते तक्त्यातलं नववं. दुकानदार म्हणाला, झाड पाडल्याशिवाय शटर कसं बसवणार होतो. नसलेल्या झाडाला तुम्ही दोनदा फुलवलंत. तेही रविवारी.

वीस तारखेला हेही सांगणार आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, म्हणूनच तुम्ही सदतीसचं आपण होऊन काढलंत.

भाची


१२ सप्टेंबर

चि. भाचीस,

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. सगळा पुरावा हातात असून तू तिथेच जाऊन बसलीस.

त्या तारखा मी भरल्या नाहीत. भरल्या असत्या तर एक्केचाळीस रविवार येऊ दिले नसते, मला गणित येतं. दोन्ही वर्षी धाकट्यानेच वही आणून हातात ठेवली. गुडघा दुखतो म्हणाला, रस्ता सुटला हे म्हणाला नाही. मी विचारलं का? नाही विचारलं. संपादकाने अकरा वर्षं मागितली होती आणि मी दर महिन्याला धाकट्याच्या मागे लकडा लावला होता की नऊवर सोडू नकोस, सगळं पाण्यात जाईल.

लेख छापून आल्यावर बाहेरगावचे दोन प्राध्यापक आले. मी त्यांना स्टेशन रस्ता दाखवायला मिरवत घेऊन गेले. पस्तीस, छत्तीस, मग औषधांचं दुकान, मग अडतीस. त्यांना म्हणाले, मोजण्यात माझी चूक झाली. त्याच संध्याकाळी पिशवीत वह्या घालून तुमच्या दारात आले. धाकटा म्हणाला, 'ताई, तुला अकरा हवी होती.' एवढंच. तुझी आई म्हणाली, 'आमच्या जिवावर मोठ्या झालात आणि आता आम्हालाच खोटं पाडायला आलात?' मी पिशवी ठेवून निघाले. पुढे बारा वर्षं आम्हा तिघांची अळीमिळी गुपचिळी.

भावासाठी गप्प बसले असं सांगायला मला फार आवडलं असतं. ते अर्धं खरं आहे. कळवलं असतं तर लेख गेला असता, आणि लेखाबरोबर बढती.

तो तक्ता मी बारा वर्षं बघतेय. मला रविवार दिसले नाहीत, तुला दिसले. हे लिहिताना मला अजिबात आनंद होत नाही.

वह्या वाळवीने खाल्लेल्या नाहीत. शेवटच्या दोन उघड आणि अक्षर बघ.

आत्या


२३ सप्टेंबर

आत्या,

वह्या आईच्या कपाटात होत्या, जुन्या रजयांच्या खाली. मी तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं, घडी घातली, स्टुलावर चढून वह्या काढून दिल्या. नऊ वह्या बाबांच्या अक्षरात आहेत, पेन्सिलने, चालता चालता लिहिल्यासारख्या वाकड्या ओळी. पावसाचे डाग आहेत. शेवटच्या दोन स्वच्छ आहेत, शाईने लिहिलेल्या, सरळ ओळीत. अक्षर आईचं आहे.

ती म्हणाली, 'ते सांगायचे, मी लिहायचे. खोटं लिहायला त्यांचा हात उठेना, म्हणून माझा घेतला. रविवारी बसायचो, एरवी ते घरी कुठे असायचे. समोर कॅलेंडर असायचं. त्यात रविवार लाल. डोळा सारखा तिथेच जायचा.' मग म्हणाली, 'रविवारी टपाल नसतं, हे पोस्टमनच्या बायकोच्या लक्षात येऊ नये, म्हणजे बघ.' आणि हसली. मला हसू आलं नाही.

वीस तारखेला सगळं मांडलं. अकराही वर्षं. माझ्या वहीतलं वाक्यही वाचून दाखवलं, 'रविवार सापडले तर मी चुकले,' आणि सापडल्यावर मी ते महिनाभर दडवलं हेही. तुझ्या विभागातले दोघं मध्येच उठून गेले. सर म्हणाले, आता मासिकाला दुरुस्ती पाठवायची. मसुदा सोबत आहे. पहिली नऊ वर्षं बाबांच्या नावावर, शेवटची दोन रद्द, आणि लेखाला दोन लेखक. खाली सही कर.

बाबांचं नाव यावं म्हणून निघाले होते. आता येईल ते खोट्यासकट येईल. मला तुझा राग येतोय, बाबांचाही येतोय, आणि त्यांच्यावर रागवायला ते नाहीत म्हणून तोही तुझ्यावरच निघतोय. लहानपणी तुला 'तू' म्हणायचे, तेच परत आलं. माया समजू नकोस.

भाची


३० सप्टेंबर

चि. भाचीस,

मसुदा परत पाठवतेय. सही केलेली नाही.

पहिली गोष्ट, माझं नाव आधी आणि धाकट्याचं नंतर टाकलंयस. उलट कर. चालला तो.

दुसरी गोष्ट, चौथी ओळ. 'शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी कुटुंबातील एका व्यक्तीने लिहिल्या.' कोण ही व्यक्ती? मी 'एका स्थानिक मदतनिसाचे' लिहिलं होतं तेव्हा तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. गैरसोयीचं माणूस असं नाव न घेता एका ओळीत बसवायला मला नोकरीतली एकोणीस वर्षं लागली. तुला एक सत्र पुरलं.

आईला वाचवतेयस, मला दिसतंय. मीही भावाला वाचवत होते म्हणे. नाव घाल. आणि घालण्याआधी मसुदा तिला दाखव. तिला न विचारता नाव घालणं आणि तिला न विचारता गाळणं, दोन्ही सारखंच. एवढं होणार नसेल तर विषय बदल, अजून फॉर्म भरायची मुदत गेलेली नाही.

आत्या


७ ऑक्टोबर, रविवार

वन्सं,

पोरीने कागद दाखवला. दाखवला म्हणजे जेवायच्या टेबलावर पालथा ठेवून कॉलेजला गेली. दोन दिवस मी त्याच्याकडे बघितलं नाही. मग बघितलं.

बारा वर्षं मी तुम्हाला चोर म्हटलं. ते मागे घेत नाही. नऊ वर्षांची चोरी तुम्ही केलीतच. दोन वर्षांची लबाडी आमची. ती तुम्हाला कळली होती आणि तुम्ही कुठे बोलला नाहीत, म्हणून मला तुमचा जास्तच राग यायचा. तुम्ही बोलला असतात तर सगळा राग त्यांच्यावर आणि माझ्यावर वाटला गेला असता. एकट्या तुमच्यावर करायची सोय तुम्हीच करून दिलीत.

ते गेले तेव्हा तुम्ही आला नाहीत. आला असतात तर मी दार उघडलं नसतं, हे तुम्हालाही माहीत होतं. तरी यायला हवं होतं.

चौथी ओळ खोडली आहे आणि तिथे नाव घातलं आहे. पोरीने नाही, मी घातलं. अक्षर तुमच्या ओळखीचं आहे. त्यांचं नावही उचलून वर नेलंय. तुम्ही आता सही करा आणि कागद सरळ मासिकाला पाठवा, इकडे परत नको.

आज रविवार आहे, टपाल उद्याच निघेल. तारीख मात्र आजचीच घातली आहे, कारण लिहिलं आज.

तुमची भावजय